बेटी आन्टीची फुलदाणी

१

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही सुगंधाच्या आईची शिकवण. "तुझ्या आईने दागिने बेताचेच घातले, पण शिकवण मात्र पोतंभर दिली," असं सुगंधाचा नवरा सहदेव म्हणायचा. लालबागच्या चाळीत असताना वाटी आली की वाटी जायची, आणि जाताना तिच्यात काहीतरी असायचंच. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. पुढे गिरणी बंद पडली, चाळीतली खोली गेली. चारकोपच्या सेक्टरात पत्र्याच्या छपराचं घर मिळालं आणि सहदेव तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर लागला. एवढी उलथापालथ झाली तरी सुगंधाची ही रीत सुटली नाही.

सेक्टरच्या घरांची शेवटची ओळ संपली की जुनं गाव लागायचं. तिथलं पहिलं घर बेटी आन्टीचं. कौलारू, पुढे ओटा, अंगणात चुन्याने रंगवलेला क्रूस आणि कोपऱ्यात अनंताचं भलंमोठं झाड. घरात आन्टी आणि तिचा लॉरेन्स, दोघंच. लॉरेन्स चाळिशीचा, बिनलग्नाचा, कुठल्याशा औषधाच्या कंपनीत होता. सुगंधाच्या घरून दिवाळीला करंज्या जायच्या, आन्टीकडून नाताळला केक यायचा, आणि मधल्या दिवसांत वाट्या जात-येत राहायच्या. जातपात, देवधर्म कशाचाही अडसर नव्हता. वाटीला कुठे धर्म असतो, असं सुगंधा म्हणायची.

नारळी पौर्णिमेला सुगंधाने नारळीभात पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आन्टी स्वतः दारात उभी. एका हातात सुगंधाची घासलेली वाटी, दुसऱ्या हातात फुलदाणी, आणि तिच्यात अनंताची टपोरी पांढरी फुलं.

"तुझे देवाला घे गो," आन्टी म्हणाली. "पाणी नको घालूस आत. आन फुलदाणी सावकाश दे, घाई नाय."

एरवी ओट्यावर टेकून घटकाभर बोलल्याशिवाय न जाणारी बाई, त्या दिवशी उंबऱ्यावरूनच परत फिरली.

२

फुलदाणी असेल दीड वीतभर उंच. पोट फुगीर, गळा चिंचोळा, चार बोटं कशीबशी शिरतील एवढा. काच अशी, की रंग कुठला ते सांगता येऊ नये. समोरून जांभळी, जरा बाजूला सरकलं की हिरवी, त्यातच सोनेरी झाक. डबक्यावर रॉकेल सांडल्यावर दिसते तशी. आरपार मात्र दिसत नव्हतं. खाली धातूची काळसर बैठक होती. तिच्यातून झाडाच्या मुळांसारखे पाच फाटे वर आले होते आणि त्यांनी काचेचं पोट घट्ट धरलं होतं.

सहदेवने कामावर जाण्याआधी ती उचलून बुडाशी नखाने टिचकी मारली. लोखंड-पितळेत जन्म गेलेला माणूस तो.

"कासं हाय हे. ओतीव काम," तो म्हणाला. "साहेबाच्या काळातलं असणार. म्हातारीकडे कुठून आलं कोण जाणे."

"तुम्हाला काय करायचंय? परत द्यायचीय मला," सुगंधा म्हणाली.

त्यांची नंदू, सहा वर्षांची, पुढचा एक दात हलत असलेली, टाचा उंचावून फुलांत नाक घालून उभी होती.

"आई, याला वासच नाय."

"अनंताला वास नाही होय? सर्दी झाली असेल तुला."

सुगंधाने स्वतः एक फूल उपसून नाकाशी धरलं. पाकळ्या ताज्या, दव तसंच होतं. वास मात्र नव्हता. अनंताचं एक फूल अख्खी खोली भरून टाकतं; इथे सहा-सात फुलं होती आणि कागद हुंगावा तसं वाटत होतं. पावसाने धुऊन गेला असेल, असं म्हणून तिने फूल परत खोचलं आणि कामाला लागली.

दिवेलागणीला ती देवापुढे समई लावायला आली, तेव्हा फळीवर फुलदाणीभोवती सगळी फुलं गळून पडलेली होती. ती उचलताना तिच्या ध्यानात आलं, की फुलं गळलेली नव्हती. प्रत्येकाचा देठ गळ्याशी तुटला होता, आणि काचेच्या आत जेवढा देठ होता तेवढा कुठेच नव्हता. तिने फुलदाणी उपडी केली, हलवली. आत काडीसुद्धा नव्हती.

उंदीर, ती स्वतःशी म्हणाली. चार बोटांच्या गळ्यातून उतरून, देठ तेवढे खाऊन, फुलांना तोंड न लावता गेलेला उंदीर. तिला स्वतःचंच हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फुलदाणी वरून पुसली आणि परत द्यायला निघाली. दारात थबकली. रिकामी कशी द्यायची? डब्यातून मूठभर साखर काढून तिने आत ओतली आणि चपला घातल्या.

आन्टी ओट्यावरच बसली होती, जणू वाटच बघत. सुगंधाने फुलदाणी पुढे केली. आन्टीने हात लावला नाही. मान वाकवून आत डोकावून बघितलं, आणि एक मोठा श्वास सोडला.

"साखर घातलीस."

"असू दे हो आन्टी. रिकामी कशी देऊ?"

"आता तुजेकडेच ऱ्हाऊ दे ती." आन्टी उठली. बोलताना तिची नजर सुगंधाच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी होती. "मना नको."

आणि तिने दार लावून घेतलं. आतून तिने लॉरेन्सला हाक मारलेली ऐकू आली, मोठ्या उत्सुकतेने मारावी तशी. मग काहीच ऐकू आलं नाही. सुगंधा अंगणात उभी राहिली. अनंत फुलांनी लगडला होता आणि अंगणात वास म्हणून नव्हता.

फुलदाणी पुन्हा फळीवर आली. संध्याकाळी समई लावताना सुगंधाने मुद्दाम आत बघितलं. साखर नव्हती. एक कणही नाही.

तेवढ्यात सहदेव कामावरून आला, चहाचा घोट घेऊन थांबला. "साखर संपली काय गं?"

"घातली की दोन चमचे."

तिने अजून एक घातला. मग अजून एक. मग डब्यातली साखर बोटावर घेऊन जिभेवर ठेवली. दाणे जिभेवर विरघळले. गोड काही लागलं नाही. बारीक वाळू विरघळत असती तर अशीच लागली असती.

"रेशनची साखर," सहदेव म्हणाला. "भेसळ करतात साले."

शेजारच्या रत्नप्रभाकडून तिने वाटीभर साखर आणली. तिच्या ओट्यावर उभं राहून चाखली, तर गोड होती. आपला उंबरा ओलांडून पुन्हा चाखली. नाही. ती वाटी तिथेच जमिनीवर ठेवून ती खाली बसली. कडेला थोडी साखर सांडली होती. भिंतीच्या फटीतून निघालेली तांबड्या मुंग्यांची रांग त्या साखरेवरून गेली आणि एकही मुंगी थांबली नाही.

४

सहदेवला तिने सगळं सांगितलं, तेव्हा तो हसला. वाईट नाही हसला. बायको दमली आहे, असं समजून हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नंदूला जवळ बोलावलं.

"चल, आपण आईची जादू बघू." त्याने डब्यातून मूठभर तांदूळ घेतले आणि नंदूच्या देखत फुलदाणीत सोडले. "संध्याकाळी आपण मोजून परत काढू, हां?"

"कशाला नसता खेळ?" सुगंधा म्हणाली. पण तिने त्याला अडवलं नाही, हेही खरं. त्याचं बरोबर निघावं असं तिला मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी सहदेवने फुलदाणी उपडी करून तळहातावर आपटली. मग बॅटरी आणून आत उजेड टाकला. बराच वेळ बघत राहिला.

"काय दिसतं?" सुगंधाने विचारलं.

"काही नाही." त्याने बॅटरी बंद केली. "तळ नीट दिसत नाही."

रात्रीचा भात शिजला. वाफ आली, शितं मोकळी झाली, वर आमटी पडली. तिघंही जेवली. आणि जेवत राहिली. सहदेवने तिसऱ्यांदा भात घेतला, नंदूने दुसऱ्यांदा. टोप खरवडून झाला तरी सुगंधाच्या पोटात सकाळपासून काही गेलं नसल्यासारखी आग पडलेली होती. नंदू रडवेली होऊन म्हणाली, "आई, भूक लागली." शेवटी तिने भाकऱ्या थापल्या, तेव्हा कुठे पोटाला आधार आला.

सहदेव त्या दिवशी पुन्हा हसला नाही. "उद्या ती नेऊन दे," तो म्हणाला. "घेत नसेल तर ओट्यावर ठेव आणि मागे न बघता ये."

५

दुसऱ्या दिवशी सहदेव कामावर गेला, नंदू शाळेत. स्वयंपाक उरकून जाऊ, असं सुगंधाने ठरवलं. खरं सांगायचं तर फुलदाणीला हात लावायचं तिच्या जिवावर आलं होतं. मग धुणं निघालं, मग पाणी आलं, आणि नंदू शाळेतून परत आली ती खिडकी पडलेलं तोंड उघडून हसतच.

"दात पडला, आई."

"अगं बाई. कुठे पडला? आण, छपरावर टाकूया."

"सकाळीच पडला, शाळेत जायच्या आधी. मी टाकला पण." नंदूने फळीकडे बोट दाखवलं. "छपरावर माझा हात नाय पोचत. तो गेला तरच नवा येतो ना? आणि यात टाकलेलं सगळं जातं. बाबांनी दाखवलं."

सुगंधाच्या हातातला पिळा खाली पडला. तिने फुलदाणी उचलली आणि आत बघितलं. अगदी खोल, असावा त्याहून कितीतरी खोल, एक पांढरा ठिपका होता. तिने ती उपडी केली. आत दात खडखडला, विहिरीत खडा वाजतो तसा, पण बाहेर आला नाही. तिने हलवली, आपटली, सळई घालून ढवळली. सळईचं टोक कशालाही लागलं नाही.

दिवेलागणीपर्यंत वेळ होता. देठ दिवेलागणीला गेले होते, साखरही, तांदूळही. तिने नंदूकडे बघितलं. पोरगी ओट्यावर पाय हलवत, दाताच्या खिडकीतून जीभ बाहेर काढत बसली होती. सुगंधाला साखर आठवली. पांढरी, दाणेदार, होती तशीच असलेली साखर.

नंदूला रत्नप्रभाकडे सोडून ती पदराखाली फुलदाणी घेऊन धावतच बेटी आन्टीकडे गेली.

दार लॉरेन्सने उघडलं. "या वहिनी," तो म्हणाला, खुर्ची पुढे ओढली, आतून पाणी आणून दिलं. भला माणूस, कधी कुणाशी वाकडं बोलणं नाही. आणि तरी तो बाजूला झाल्याबरोबर खोलीत कुणी होतं याचीच आठवण राहिली नाही. इतकी वर्षं हे असंच होत आलं होतं, आणि तिला त्याचं कधी नवल वाटलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं.

"नंदूचा दात आहे यात," ती आन्टीला म्हणाली. "काय करू ते सांगा."

आन्टी खाटेवर बसली होती.

"दात? पोरीचा?" तिने कपाळाला हात लावला. "नाय गो. मना वाटला, साखर घालशील, पीठ घालशील. भांडा रिकामा कदी देत नायस तू. मना ठाव होता. म्हणून तुला दिली."

"कशासाठी?"

आन्टीने दाराकडे बघितलं. बाहेर लॉरेन्स अंगण झाडत होता, त्याचा खराट्याचा आवाज येत होता.

"तो बारका होता. पयल्यांदा केस कापले. एक बट मी जपून ठेवली, आन कुठे ठेवू, तर यात ठेवली. संध्याकाळी तो धावत माजेकडे आला, मी उचलून घेतला. आन सुगंधा, मना काय वाटलाच नाय. पाट उचलावा तसा उचलला. तेवापासून जेवायला घालते, आजारी पडला तर उशाशी बसते. सगळा करते. मना वाटला, दुसऱ्या कुणी आपल्या हाताने त्यात काय घातला, तर माजा परत देईल ती. तू साखर घातलीस तेवा मी त्याचे डोक्यावर हात ठेवून बघितला." तिने तो हात खाटेवर उताणा टाकला. "काय नाय."

सुगंधाला संताप यायला हवा होता. आलाही. पण त्या म्हातारीचा खाटेवर उताणा पडलेला हात बघून तो तोंडातून बाहेर पडला नाही.

"फोडते मी ही," ती म्हणाली.

"मी हातोडी उगारली होती. तो आतल्या खोलीत ओरडला. असा ओरडला, की मी पुना हात लावला नाय." आन्टीने डोळे पुसले. "फोडू नको गो. तुजे पोरीचा दात आत हाय."

६

ती घरी आली तेव्हा उन्हं छपरांवरून उतरली होती. रत्नप्रभाकडून नंदूचा आवाज येत होता. दोघी भेंड्या लावत होत्या. सुगंधाने दार लोटून घेतलं आणि फुलदाणी मांडीत घेऊन जमिनीवर बसली.

तिने बांगड्या काढून ठेवल्या. हाताला खोबरेल चोळलं. चार बोटं आवळून गळ्यात घातली, अंगठा आत दुमडला. गळा आधी गच्च लागला, आणि मग अचानक लागेनासा झाला. मनगट गेलं. फुलदाणी दीड वीतभर उंच होती, आणि तिचा हात कोपरापर्यंत आत होता. बोटांना तळ लागला नव्हता.

आत थंडी नव्हती. माणसांच्या खोलीत असते तशी ऊब होती, आणि चुलीजवळ असते तशी कोरडी हवा. तिने खांदा वाकवून हात अजून खाली रेटला. काचेवर तिच्या घराचं वाकडं प्रतिबिंब पडलं होतं: फळी, समई, दार. जांभळ्यातून ते हिरव्यात सरकलं. तेव्हा तिला दिसलं, की प्रतिबिंबात ती आहे तिथेच बसलेली आहे, पण तिच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणखी कुणीतरी बसलेलं आहे आणि त्यानेही हात पुढे केलेला आहे. तिने मान वर केली. समोर नुसती फरशी होती. पुन्हा काचेकडे बघायची तिची छाती झाली नाही.

दिवेलागण झाली; बाहेर कुणीतरी दिवा लावला. पत्र्यांच्या फटीतून पिवळा उजेड आला.

तिच्या तळहाताखाली काहीतरी आलं. आधी खालून तळहाताला आधार मिळाला, मऊ, काळजीपूर्वक, शेजारीण वाटी हातात देताना आपला हात खाली धरते तसा. आणि मग एक बारीक, टणक वस्तू तिच्या पंजात ठेवली गेली. तिने मूठ आवळली. त्या हाताने तिचा हात घटकाभर धरून ठेवला. ओढला नाही. नुसता धरला, ओळख पटवून घ्यावी तसा, आणि सोडला.

तिने हात हिसडून बाहेर काढला. मूठ उघडली. दात होता.

ती रडली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, पण पोटभर रडली. मग अंगणात जाऊन तिने दात छपरावर फेकला. तो पत्र्यावर टणटणत गेला. आत येऊन तिने फुलदाणी जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि घरामागच्या खाजणात, जिथे सेक्टरचा कचरा टाकतात तिथे, जमेल तेवढ्या लांब भिरकावली. चिखलात काही पडल्याचा आवाज मात्र तिला आला नाही.

७

समई लावायला उशीर झाला होता. तिने हातपाय धुतले, वात सारखी केली आणि रत्नप्रभाच्या दारातून नंदूला आणलं. आल्या आल्या तिला मांडीत घेतलं. तिच्या केसांत नाक खुपसलं. खोबरेल, शाळेची धूळ, घामट मान. सगळं होतं तिथेच होतं. सुगंधाचं ऊर भरून आलं. आन्टीसारखं झालं नव्हतं. पोर तिचीच होती, जशीच्या तशी, साखरेपेक्षा गोड. तिने तिचे मुके घेतले, इतके की नंदू अंग चोरून गप्प बसून राहिली. दमली असेल, सुगंधाला वाटलं.

सहदेव आला. डबा ठेवला, पाय धुतले, चटईवर बसला. सुगंधाने चहा टाकला.

"गेली का फुलदाणी?" त्याने विचारलं.

"गेली. सांगते सगळं. आधी चहा घ्या."

तिने कप पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि जरा सावरून, पाय आखडून बसला. "कशाला त्रास घेतला?" तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चहासाठी त्याने तिला असं कधी म्हटलं नव्हतं. दमला असेल हाही, ती मनाशी म्हणाली.

नंदू केव्हाच तिच्या मांडीवरून उतरली होती. ती उंबऱ्यावर जाऊन बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर टेकवून, गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून.

"आत ये गं," सुगंधाने हाक मारली. "अंधारात कुणाची वाट बघतेस?"

नंदूने वळून तिच्याकडे बघितलं. शहाण्या मुलीने पाहुणीकडे बघावं तसं.

"आईची," ती म्हणाली.

सुगंधाने सहदेवकडे बघितलं. आता तो हसेल, पोरीला टपली मारेल, काहीतरी बोलेल. त्याने कप खाली ठेवला, उठून दाराशी गेला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तोही गल्लीकडे बघत उभा राहिला.

"येईल हां," तो म्हणाला. "इतक्यात येईल."